पॉवरलाइन नेटवर्कमध्ये कोऑर्डिनेटर कुठे बसवावा? (सोलापूर, घर + यंत्रमाग)

मागावरचा_धागा

नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला आमचं घर आणि घरामागे टॉवेलचा कारखाना. मधला बोळ वाटणीत चुलत्यांकडे गेलाय. तिथून नेटवर्कची केबल न्यायची म्हणजे पुन्हा भावकीची बैठक. विजेची केबल मात्र आजोबांच्या काळापासून त्याच बोळातून जाते आणि तिच्यावर अजून कुणाची हरकत नाही. म्हणून पॉवरलाइनचे, म्हणजे विजेच्याच तारेवरून नेटवर्क नेणारे ॲडाप्टर घेतले, होमप्लग एव्ही जातीचे, चार नग. एक वरच्या मजल्यावर राउटरपाशी, एक तळमजल्यावर ऑफिसात, दोन कारखान्यात. कारखान्यातला एक कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरला आणि दुसरा बिलिंगच्या कॉम्प्युटरला.

चालतं. स्पीडबद्दल तक्रार नाही. पण लाईट जाऊन आली की नवा खेळ. चौघांपैकी एक जण कोऑर्डिनेटर, म्हणजे बाकीच्यांना सांभाळणारा होतो, तो कोण हे दरवेळी वेगळं. कधी कारखान्यातले दोघे आपसात जुळतात आणि घरातल्या दोघांना ओळखच देत नाहीत. मग मोबाइलवर कॅमेरे दिसत नाहीत, आणि रात्रपाळीच्या कामगाराला फोन करून प्लग काढून घालायला सांगावं लागतं.

माझं मत असं: इंटरनेट राउटरपाशी येतं, तर राउटरजवळचाच ॲडाप्टर कायमचा कोऑर्डिनेटर करावा. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये तसा पर्याय सापडत नाही. कुणी केलंय का?

शेंगाचटणी

पहिला!
कोऑर्डिनेटर कोण हेही भावकीच्या बैठकीतच ठरवून घ्या. चुलत्यांना मान दिल्यासारखं होईल :)

जुळे_सोलापूरकर

वाचतोय. आमच्याकडेही दोन ॲडाप्टर आहेत, पण कोऑर्डिनेटर वगैरे प्रकार असतो हेच आज कळलं.

तारयंत्र

मागावरचा_धागा, प्रश्न छान, मताशी मात्र असहमत. राउटरपाशी इंटरनेट येतं हा निकष इथे लागू होत नाही.

होमप्लग एव्हीमध्ये कोऑर्डिनेटर (सीसीओ) मधून डेटा जात नाही. कारखान्यातला रेकॉर्डर राउटरशी बोलतो तेव्हा ते दोन ॲडाप्टर थेट एकमेकांशी बोलतात, सीसीओ तिसराच कुणी असला तरी. सीसीओ म्हणजे मिलमधला जॉबर. स्वतः माग चालवत नाही, पण कुणी कधी कुठे उभं राहायचं ते तो सांगतो, आणि नवा माणूस त्याला विचारल्याशिवाय खात्यात येत नाही.

त्याची कामं अशी. तो ठरावीक वेळाने बीकन, म्हणजे सगळ्यांसाठीचा छोटा इशारा, पाठवतो. ही वेळ विजेच्या दोन आवर्तनांइतकी असते, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झवर ४० मिलिसेकंद. त्या बीकनवर बाकीचे सगळे आपलं घड्याळ लावतात. पुढच्या ४० मिलिसेकंदांत कुठला भाग सगळ्यांना खुला आणि कुठला एखाद्यासाठी राखीव, हे तो बीकनमध्येच सांगतो. नवा ॲडाप्टर आला की त्याला ओळखक्रमांक देतो, त्याला टीईआय म्हणतात. आणि प्रत्यक्ष डेटा ज्या १२८ बिटांच्या किल्लीने कुलूपबंद होतो ती किल्लीही तोच वाटतो आणि अधूनमधून बदलतो. तुम्ही पासवर्ड म्हणून देता त्यातून सदस्यत्वाची किल्ली तयार होते, एनएमके. ती जुळली तरच ही दुसरी किल्ली मिळते.

म्हणून निकष एकच: त्याचा बीकन सगळ्यांना स्वच्छ ऐकू आला पाहिजे. तारांच्या हिशेबाने जो मधोमध आहे तो. तुमचा राउटर वरच्या मजल्यावर, म्हणजे कारखान्यापासून सर्वांत लांब.

आता लाईट आल्यावर काय होतं ते. ॲडाप्टर सुरू झाला की आधी थोडा वेळ कान देऊन बसतो. ओळखीचा बीकन आला तर त्या नेटवर्कात जातो. नाही आला तर स्वतः सीसीओ होऊन बीकन पाठवायला लागतो. ही थांबण्याची वेळ मुद्दाम प्रत्येकाची वेगळी, यदृच्छेने ठरणारी असते. तुमचे चौघे एकाच क्षणी जागे होतात. त्यातून ज्याचा कान कमजोर कोपऱ्यात आहे त्याला काहीच ऐकू येत नाही, आणि तो तिकडे आपलं वेगळं राज्य मांडतो.

कडकभाकरी

तारयंत्र, दंडवत घ्या. जॉबरवरून आमच्या आजोबांची आठवण झाली, जुन्या मिलमध्ये होते. जॉबर नाराज झाला तर बदलीवाल्याला दिवसभर गेटवरच बसावं लागायचं म्हणे.

होटगी_रोड

तारयंत्र यांनी लिहिलेलं बरोबर आहे, पण यातून ‘एकाला कायमचा सीसीओ करा’ हा निष्कर्ष निघत नाही. उलट, हे यंत्र आपलं आपण निवडणूक घेतं. आधी वापरकर्त्याने नेमलेला कुणी आहे का ते बघतात. नसेल तर कुणाची क्षमता जास्त, मग कुणाला जास्त स्टेशनं ऐकू येतात. प्रत्येक स्टेशन आळीपाळीने स्वतःचा शोधबीकन पाठवतं, त्यावरून कोण कुणाला ऐकतो याचा तक्ता तयार होतो, आणि आपल्यापेक्षा बरा उमेदवार दिसला की चालू सीसीओ कारभार त्याच्या हाती देतो. इतकी सोय असताना त्यात हात कशाला घालायचा? एकाला नेमलंत, बाकीच्यांना मनाई केलीत आणि नेमका तो जळाला, तर सगळं नेटवर्क बसेल. माझ्याकडे सगळे ‘ऑटो’वर आहेत. काहीही त्रास नाही.

शेंगाचटणी

@होटगी_रोड, तुमच्याकडे यंत्रमाग आहेत का?

होटगी_रोड

नाही. टू बीएचके फ्लॅट आहे.

शेंगाचटणी

मग ठीके :)

वायरमनकाका

मी नेटवर्कवाला नाही, वायरमन आहे. पण एक सांगतो, सगळ्यांनी थेट सॉफ्टवेअरला हात घातलाय, बोर्ड कुणीच विचारला नाही.

घराचं सिंगल फेज आणि कारखान्याचं थ्री फेज, मीटर वेगवेगळे. म्हणजे सिग्नल घराच्या मीटरमधून मागे मेन बसबारपर्यंत (सगळ्या लाइन जिथून फुटतात त्या पट्टीपर्यंत) जाणार, तिथून कारखान्याच्या मीटरमधून पुढे जाणार. घर कुठल्या फेजवर आहे? कारखान्यातले दोन सॉकेट कुठल्या फेजवर? एकाच फेजवर आले तर बरं. वेगळ्या फेजवर असले तरी थोडा सिग्नल जातो, कारण तीन तारा एकाच केबलमध्ये शेजारी शेजारी धावतात आणि एकीतला सिग्नल दुसरीत उतरतो. पण तो कमजोर.

दुसरं, पॉवर फॅक्टरसाठी कपॅसिटर लावले असतीलच. त्या पॅनेलजवळच्या सॉकेटला ॲडाप्टर लावू नका, कपॅसिटर असले सिग्नल खाऊन टाकतात. तिसरं, ॲडाप्टर एक्स्टेन्शन बोर्डात नको, आणि सर्ज प्रोटेक्टर असलेल्या बोर्डात तर नकोच नको. त्यातला फिल्टर ज्याला ‘गोंगाट’ म्हणून अडवतो तोच तुमचा सिग्नल.

आणि हे सगळं बोर्ड उघडून बघायचं असेल तर परवानाधारक माणूस बोलवा. व्हिडिओ बघून बसबारला हात लावू नका.

तारयंत्र

वायरमनकाका, +१. यात एकच भर घालतो. होमप्लग एव्ही साधारण २ ते २८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. ५० हर्ट्झला जी तार ‘जोडलेली’ दिसते ती या पट्ट्यात तशीच असेल असं नाही. त्यामुळे टेस्टरने बघून सिग्नलचा अंदाज येत नाही, मोजावाच लागतो.

@होटगी_रोड: ‘ऑटो’ची निवडणूक तेव्हाच नीट होते जेव्हा सगळे एकमेकांना बऱ्यापैकी ऐकतात. दोन मीटरांच्या दोन बाजूंना दोन टोळ्या असतील, तर प्रत्येक टोळी आपापला सीसीओ निवडणार. पुढे माग बंद झाले, गोंगाट कमी झाला की दोन्हींना एकमेकांचा बीकन ऐकू येतो आणि त्या एकत्र येतात. माग सुरू झाले की परत फुटतात. हा खेळ दिवसभर चालतो.

मागावरचा_धागा

बरोबर असंच होतं! दुपारी जेवणाच्या सुट्टीत कॅमेरे आपोआप दिसायला लागतात. मला वाटायचं इंटरनेटवालाच दुपारी नीट चालवतो.

काका, फेज उद्या बघून घेतो.

ल्योनची_लेक

माहेर सोलापूर, साखर पेठ. सध्या मुक्काम फ्रान्स. थोडं अवांतर.

इथे घरोघरी लिंकी नावाचे हिरवे वीजमीटर आहेत. ते रीडिंग पाठवतात तेही विजेच्याच तारेवरून, पण पद्धत वेगळी, जी३-पीएलसी. पट्टा मेगाहर्ट्झचा नाही, किलोहर्ट्झचा. युरोपात ३ ते ९५ किलोहर्ट्झ हा पट्टा वीजकंपन्यांसाठी राखलेला आहे. तिथे कोऑर्डिनेटरची निवडणूक वगैरे भानगड नाही. वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरपाशी जो कॉन्सन्ट्रेटर बसवलेला असतो तोच कोऑर्डिनेटर, कायमचा. मीटरने कितीही ठरवलं तरी त्याला ते पद मिळत नाही. प्रत्येक मीटरची गुप्त किल्ली वेगळी असते आणि ती वरच्या यंत्रणेला आधीच माहीत असते. ओळख पटली की मीटरला छोटा पत्ता मिळतो. कोऑर्डिनेटरचा स्वतःचा छोटा पत्ता शून्य. लांबच्या मीटरचा आवाज पोचला नाही तर मधले मीटर तो पुढे ढकलतात.

ट्रान्सफॉर्मरपाशीच का? कारण सगळ्या तारा तिथूनच फुटतात, आणि हा सिग्नल ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे सहसा नीट जात नाही. म्हणजे तुमचा मीटरबोर्ड हाच तुमचा ट्रान्सफॉर्मर समजा की.

कडकभाकरी

साखर पेठेतून थेट फ्रान्स! शेंगाचटणी मिळते का तिकडे?

शेंगाचटणी

कोण बोलवलालंय बे मला?

ल्योनची_लेक

:D येताना पिशवीभर आणते. कस्टमवाल्याला समजावताना घाम फुटतो.

विजापूर_रोडचा_राजा

मूळ विषयाला धरूनच एक भीती. मी अपार्टमेंटमध्ये राहतो. ॲडाप्टर डब्यातून काढून लावले, कुठलंही बटण दाबलं नाही, लगेच जुळले. मला फार सोपं वाटलं. पण यादीत तीन दिसतात आणि माझ्याकडे तर दोनच आहेत. तिसरा कोण?

शेंगाचटणी

शेजारी.

तारयंत्र

हसू नका, शक्यता तीच जास्त. कारखान्यातून येताना या जातीच्या बऱ्याच ॲडाप्टरना एकच नेटवर्क नाव दिलेलं असतं, ‘होमप्लगएव्ही’. एनएमके त्यावरूनच काढलेली असल्याने तीही सगळ्यांची सारखी. शेजाऱ्यानेही डब्यातून काढून तसाच लावला असेल तर तुम्ही दोघे एकाच नेटवर्कात आहात. कदाचित तुमचा सीसीओ त्याच्या घरात आहे. त्याने सुट्टीला जाताना मेन स्विच बंद केला की तुमच्याकडे नवी निवडणूक!

उपाय सोपा आहे. बटण बरेच सेकंद दाबून धरलं की ॲडाप्टर जुनी किल्ली टाकून यदृच्छ किल्ली घेतो (किती सेकंद ते माहितीपत्रकात बघा). मग एकाचं बटण थोडंसं दाबायचं आणि दोन मिनिटांच्या आत दुसऱ्याचं. नाहीतर सॉफ्टवेअरमधून स्वतःचं नाव द्या. लांबच्या ॲडाप्टरला नाव द्यायचं असेल तर त्याच्या मागच्या स्टिकरवरचा डिव्हाइस पासवर्ड लागतो, चार-चार अक्षरांच्या चार गटांचा. स्टिकरचा फोटो काढून ठेवा, प्लग भिंतीत गेला की तो वाचता येत नाही.

मागावरचा_धागा, तुमच्यासाठीही हे आधी. सीसीओ ठरवण्याच्या अगोदर चौघांची किल्ली एकच आणि फक्त तुमचीच आहे याची खात्री करा. पूर्व भागात घराला घर लागून आहे, शेजारी कुणी हीच युक्ती केली असेल तर नवल नाही.

लघुलहरी

हॅम (हौशी रेडिओवाल्या) मंडळींच्या वतीने निषेध नोंदवतो. तुम्ही सगळे घराच्या तारांना अँटेना करून टाकताय. आमचे ७ आणि १४ मेगाहर्ट्झचे पट्टे नेमके तुमच्या पट्ट्याच्या पोटात येतात.

तारयंत्र

निषेध मान्य :) पण होमप्लगमध्ये हौशी रेडिओचे पट्टे मूळ सेटिंगमध्येच दाबलेले असतात. तिथे वाहक लहरी पाठवतच नाहीत. कुणी पीआयबीमध्ये (ॲडाप्टरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) या दाबलेल्या खाचा उघडून स्पीड वाढवायचे सल्ले देत असेल तर मुळीच ऐकू नका.

लघुलहरी

खाचा आहेत म्हणूनच निषेध सौम्य शब्दांत आहे.

मागावरचा_धागा

अपडेट. घर आर फेजवर. कारखान्यातला बिलिंगचा सॉकेटही आर फेजवर, पण रेकॉर्डरचा वाय फेजवर आणि तोसुद्धा कपॅसिटरच्या पॅनेलला चिकटून. रेकॉर्डरचा सॉकेट काकांच्या सल्ल्याप्रमाणे आर फेजवर, पॅनेलपासून लांब घेतला. फरक लगेच दिसला. किल्लीही बदलली. परका कुणी नव्हता.

आता सीसीओ कसा बदलायचा ते सांगा. सध्या कोण सीसीओ आहे ते मी कॉम्प्युटरवर ‘पीएलसीटूल’ नावाच्या साधनाने बघतो, त्यात प्रत्येकाचा रोल येतो.

तारयंत्र

पीएलसीटूल चालतोय म्हणजे तुमच्या ॲडाप्टरमध्ये क्वालकॉम अथेरॉसची चिप आहे. मग काम सोपं. त्याच साधनांच्या संचात पीआयबी बदलणारं ‘मॉडपिब’ आहे. (ब्रॉडकॉमची चिप असलेल्यांनी हा भाग सोडून द्या, ही साधनं तिथे चालत नाहीत.)

ॲडाप्टर थेट लॅपटॉपला लावा, त्याची पीआयबी फाइल उतरवून घ्या. या फाइलमध्ये त्या ॲडाप्टरची सगळी सेटिंग असतात. तिची एक मूळ प्रत वेगळी ठेवा, हे विसरू नका. मग मॉडपिबने सीसीओची निवड बदला. पर्याय तीनच: ऑटो, नेव्हर, ऑल्वेज. फाइल परत चढवली की ॲडाप्टर स्वतः रीस्टार्ट होतो. नंतर ओळख वाचून बघा, सीसीओच्या ओळीत नवा पर्याय दिसला पाहिजे. हेक्स एडिटरने हाताने बदलू नका, चेकसम (फाइल शाबूत आहे का ते तपासणारा आकडा) जुळत नाही.

‘ऑल्वेज’ फक्त एकालाच. दोघांना दिलंत तर एकाच किल्लीचे दोन जॉबर, कुणीच मागे हटणार नाही.

आता कुठे. ल्योनची_लेक यांनी उत्तर देऊनच टाकलंय: मीटरबोर्डाजवळ. तुमचा तळमजल्यावरचा ऑफिसचा ॲडाप्टर बोर्डापासून किती लांब आहे?

मागावरचा_धागा

ऑफिस जिन्याला लागूनच. पण तिथे लाईट गेली की सगळंच बंद. इन्व्हर्टरची लाइन फक्त वरच्या मजल्याला आणि जिन्यातल्या एका सॉकेटला आहे.

होटगी_रोड

थांबा, इथेच तर खरी मेख आहे. माझा ‘ऑटो’चा आग्रह बाजूला ठेवून बोलतो.

लाईट जाते तेव्हा राउटर इन्व्हर्टरवर चालू राहतो, त्याच्याजवळचा ॲडाप्टरही. कारखाना पूर्ण बंद. लाईट येते तेव्हा कारखान्यातले दोघे आणि ऑफिसातला एकदम जागे होतात. सीसीओ ऑफिसात ठेवलात तर तोही त्याच क्षणी जागा होणार, म्हणजे शर्यत आहेच. उलट सीसीओ इन्व्हर्टरच्या लाइनवर असेल तर तो मधल्या काळात बंदच पडत नाही, त्याचा बीकन चालूच राहतो. बाकीचे जागे होऊन कान देतात तेव्हा त्यांना तयार नेटवर्क ऐकू येतं, ते गुपचूप आत जातात. शर्यत उरतच नाही.

म्हणजे जिन्यातला इन्व्हर्टरचा सॉकेट. मीटरबोर्डाच्या जवळ, आणि लाईट गेली तरी जिवंत.

तारयंत्र

मान गये. हा मुद्दा मी कुठल्याच परदेशी माहितीपत्रकात वाचलेला नाही, कारण त्यांच्या घरांत इन्व्हर्टरची वेगळी लाइनच नसते.

दोन शंका तेवढ्या. एक, लाईट असताना इन्व्हर्टरची लाइन आतल्या रिलेमधून मेनला जोडलेली असते. त्या वाटेत फिल्टर असेल तर सिग्नल थोडा दबेल, मोजून बघा. दोन, इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा की साइन वेव्हचा? बीकनचा मेळ विजेच्या आवर्तनाशी असतो, आणि स्क्वेअर वेव्हमध्ये वरचा गोंगाटही भरपूर.

वायरमनकाका

तिसरी शंका माझी. इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रल कुठून घेतलाय? घरोघरी एकच न्यूट्रल दोन्हीकडे फिरवलेला सापडतो. ते आधी तपासा, नेटवर्कसाठी नाही, जिवासाठी.

मागावरचा_धागा

इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे. न्यूट्रल काका म्हणतात तसाच निघाला, वायरमन बोलावून वेगळा करून घेतला. जिन्यातल्या सॉकेटला ऑफिसचा ॲडाप्टर हलवणं शक्य नाही, ऑफिसला लागतो. म्हणून पाचवा घेतो. त्याला काहीच जोडायचं नाही, नुसता सीसीओ म्हणून बसवायचा. चालेल ना?

तारयंत्र

चालेल, पण एक खोडा आहे. वीज वाचवण्यासाठी बरेच ॲडाप्टर, त्यांच्या इथरनेट पोर्टला काही मिनिटं काहीच जोडलेलं नसेल, तर झोपतात. तुमचा सीसीओ घोरायला लागला तर सगळंच मुसळ केरात. सेटिंगमध्ये पॉवर सेव्हिंग बंद करता येतं का बघा. येत नसेल तर पोर्टला एखादं जुनं स्विच लावून ठेवा, तेही इन्व्हर्टरच्याच लाइनवर.

चार्जिंगवाला

उशिरा आलो. मी इलेक्ट्रिक गाड्यांच्या डीसी चार्जरच्या दुरुस्तीचं काम करतो, सोलापूर-पुणे हायवेवर फिरती असते. आमच्याकडेही हाच सीसीओ आहे, म्हणून राहवलं नाही.

सीसीएस या जोडणीच्या चार्जरमध्ये गाडी आणि चार्जर चार्जिंगच्या केबलमधल्या कंट्रोल पायलट नावाच्या तारेवरून होमप्लग ग्रीन फायने (होमप्लगच्याच एका प्रकाराने) बोलतात. तिथे ‘ऑटो’ला जागाच नाही: चार्जरचा मोडेम कायम सीसीओ, गाडीचा मोडेम कधीच नाही. एका आवारात शेजारी शेजारी चार्जर असतील तर गाडीला शेजारच्याचाही सिग्नल ऐकू येतो. मग आपण नक्की कुठल्या चार्जरला जोडलोय हे ओळखायला गाडी चाचणीचे सिग्नल पाठवते, प्रत्येक चार्जर ते किती दबून आले ते मोजून कळवतो, आणि ज्याच्याकडे सर्वांत कमी दबले त्याच्याशी गाडी जोडणी करते. जुळवणी झाली की चार्जर किल्ली देतो, आणि ती दर वेळी नवी.

मोडेम बदलल्यावर कुणी कोरा, ‘ऑटो’वरचा मोडेम बसवून गेला की चार्जर वरवर ठीक दिसतो, पण गाड्या जुळत नाहीत. मी पोचल्यावर आधी सीसीओची ओळच वाचतो.

विजापूर_रोडचा_राजा

म्हणजे गाडीला कळतं आपला चार्जर कोणता, आणि माझ्या ॲडाप्टरला कळेना आपलं घर कोणतं. बाय द वे, तिसरा खरंच वरच्या मजल्यावरच्यांचा निघाला. चहाला बोलावलं, दोघांनी किल्ल्या बदलल्या.

जुळे_सोलापूरकर

मधेच एक विचारतो. मी नवीन घेणार आहे, जी.एचएनवाले (पॉवरलाइनचीच दुसरी जात) घेऊ का? त्यात कोऑर्डिनेटर असतो का?

तारयंत्र

असतो, तिथे त्याला डोमेन मास्टर म्हणतात. कामं बरीचशी तीच: वेळापत्रक काढणं, नवे सदस्य घेणं. काही उपकरणांच्या वेबपानावरच ‘ऑटो, डोमेन मास्टर, एंड पॉइंट’ असा पर्याय मिळतो, ही चांगली सोय. पण होमप्लग एव्ही आणि जी.एचएन एकमेकांशी बोलत नाहीत, आणि एकाच तारेवर दोन्ही ठेवलीत तर एकमेकांना त्रास देतात. घ्यायचे तर सगळे एका जातीचे घ्या.

मागावरचा_धागा

झालं बसवून. रिपोर्ट देतो.

जिन्यातला पाचवा: ऑल्वेज, पोर्टला जुनं स्विच लावलंय. कारखान्यातले दोन्ही: नेव्हर. ऑफिसचा: नेव्हर. राउटरजवळचा मात्र ‘ऑटो’ ठेवला, होटगी_रोड यांच्या धसक्याने. जिन्यातला मेला तर तो कारभार घेईल, कारखाना नीट नाही चालला तरी घर चालेल. जिन्यातल्याचा प्लग मुद्दाम काढून बघितला, थोड्या वेळाने राउटरजवळचा सीसीओ झाला. परत घातल्यावर जिन्यातल्याने आपली जागा घेतली.

मेन स्विच पाडून, थांबून, परत चढवूनही बघितलं. माग चालू असताना आणि बंद असतानाही. कारखान्यातले दोघे सरळ आत आले, वेगळं राज्य कुणी मांडलं नाही. बिलिंगच्या कॉम्प्युटरचा स्पीड होता तेवढाच आहे. तारयंत्र म्हणाले होते तसं, सीसीओ हलवल्याने स्पीड हलत नाही. रेकॉर्डरचा वाढला, पण तो सॉकेट बदलल्यामुळे.

होटगी_रोड

‘ऑटो’चा एक तरी उमेदवार निवडून आला. समाधान आहे.

वायरमनकाका

उन्हाळ्यात जिन्याखाली मीटरबोर्डापाशी काय भट्टी होते ते मला विचारा. एप्रिल-मेमध्ये ॲडाप्टर हाताला चटका देईल. बोर्डाच्या पेटीत कोंबू नका, बाहेरच्या सॉकेटला मोकळ्या हवेत ठेवा. सीसीओ असला तरी प्लास्टिकचाच डबा आहे तो.

मागावरचा_धागा

बाहेरच्याच सॉकेटला आहे काका, वर जाळीची खिडकी.

एक शेवटचं. चुलतभावालाही आता त्याच्या कारखान्यासाठी हेच करायचंय. त्याचे ॲडाप्टर त्याच मॉडेलचे आहेत. माझी तयार पीआयबी फाइल त्याच्या ॲडाप्टरवर चढवली तर चालेल का? सगळं परत करायचा कंटाळा.

तारयंत्र

अजिबात नको! पीआयबी फाइलमध्ये त्या ॲडाप्टरचा मॅक पत्ता आणि डिव्हाइस पासवर्डसुद्धा असतो. तुमची फाइल त्याच्यावर चढवलीत तर एकाच पत्त्याचे दोन ॲडाप्टर होतील, आणि बोळातल्या त्याच केबलवरून दोघे एकमेकांना ऐकणार. शिवाय तुमची किल्ली त्याच्याकडे जाईल आणि दोन ‘ऑल्वेज’ सीसीओ समोरासमोर उभे राहतील. त्याच्या प्रत्येक ॲडाप्टरची स्वतःची फाइल उतरवा, त्यात फक्त सीसीओची निवड बदला, नेटवर्कचं नाव वेगळं द्या.

शेंगाचटणी

भावकीत दोन सीसीओ. मी म्हणलो होतो की, बैठक बोलवा :)